हरकतींची वही

राग आला की मी भांडी घासते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रविवारी सरांच्या घरून मोशीला परत आले आणि रॅकवरची घासलेलीच भांडी पुन्हा बेसिनमध्ये काढली. आपटाआपटी ऐकून नवरा दारात आला. "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही. केसानं गळा कापला माझा." तो पुढं काहीतरी विचारणार होता, पण माझं तोंड बघून परत फिरला.

मुळापासून सांगते, नाहीतर कुणाला कळायचं नाही.

परभणीकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बी.ए. केलं. विषय राज्यशास्त्र, का तर बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. पण तिथं सर होते. सरांच्या टेबलावर एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही असायची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : हरकतींची वही. सरांनी वर्गात मांडलेलं एखादं मत पटलं नाही, तर त्या वहीत लिहायचं आणि खाली पूर्ण नाव घालून सही करायची. शनिवारी सर ती हरकत सगळ्या वर्गापुढं वाचायचे आणि तिच्याखाली उत्तर लिहायचे. सही नसलेली हरकत ते वाचायचेच नाहीत. "निनावी कागद म्हणजे कुजबूज," म्हणायचे. "नागरिक सही करतो."

आमच्याकडं मोठ्या माणसाला उलटून बोलायची पद्धत नव्हती, आणि हे गृहस्थ वही उघडून पेन पुढं करत होते! पहिले दोन महिने कुणी त्या वहीला हात लावला नाही. मग एकदा सर म्हणाले, शिक्षणाशिवाय माणूस पुरता नागरिक होत नाही. माझं डोकंच फिरलं. माझी आई अंगठा उठवणारी. मी वहीत लिहिलं : "आमच्या गल्लीतला बोअर सरपंचाच्या दारात घ्यायचं ठरलं होतं. माझ्या आईनं ग्रामसभेत उभं राहून तो गल्लीच्या मध्यावर आणला. तिला अक्षर येत नाही. मग ती अर्धी नागरिक कशी? आणि सरपंचाच्या दारात बोअर घ्या म्हणून सह्या करणारे शिकलेले सदस्य पुरते कसे?" खाली नाव घातलं, सही केली.

शनिवारी सरांनी ते मोठ्यानं वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली लिहिलं : "हरकत मान्य. विधान मागे घेतो." आणि सही केली. मी एकोणीस वर्षांची होते. आपण सांगितलेलं एखाद्या मोठ्या माणसानं ऐकलं आणि स्वतःचं म्हणणं बदललं, असं त्याआधी माझ्या आयुष्यात घडलं नव्हतं. पुढं मी जे काही शिकले आणि शिकवलं, ते त्या दोन शब्दांच्या जोरावर.

लग्न करून मी इकडं मोशीला आले. नवरा भोसरीला एका टूलरूममध्ये, आणि मी अकरा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढा वेळ फळ्यापुढं उभ्या तेवढ्यापुरत्या तुम्ही प्राध्यापक, सुट्टी लागली की तुम्ही कुणी नाही. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज. वर्गात मुलांना हक्क शिकवायचे आणि स्टाफरूममध्ये कायमच्या मॅडमनी खुर्ची मागितली की उठून उभं राहायचं, असं चाललं होतं.

आणि एक दिवस सरांचा फोन आला. "ओळखलंस का?" आवाज ऐकून मी फोनवरच उठून उभी राहिले, इतकी वेडी! सर निवृत्त होऊन रावेतला मुलाकडं राहायला आले होते आणि एका शिक्षणसंस्थेचे संचालक झाले होते. चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचा एक कारखाना आहे. तिथं मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या बारावी झालेल्या पोरी दोन वर्षं लाइनवर काम करतात आणि शेवटी परीक्षा देऊन त्यांना पदविका मिळते. ती पदविका सरांची संस्था देणार. त्या अभ्यासक्रमात नागरिकत्वाचाही एक पेपर होता. "तो दुसऱ्या कुणाला देववत नाही मला," सर म्हणाले. बास. मला आणखी काय पाहिजे होतं!

वर्ग कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर भरायचा. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटायची, पोरी हात धुऊन वर यायच्या आणि बाकावर बसल्या बसल्या पेंगायच्या. साडेपाचला कंपनीची बस. बोटांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, केसांवर टोपीचा वळ. पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला गेले तर माझ्या हातात नावांऐवजी टोकन नंबरांची यादी दिली. मी ती बाजूला ठेवली आणि नावं विचारली. एकीनं नंबर सांगून झाल्यावर जीभ चावली आणि मग नाव सांगितलं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

दुसऱ्या आठवड्यात मी तसलीच लांबट वही विकत आणली आणि वर लिहिलं : हरकतींची वही. नियम तेच. मत माझं, हरकत त्यांची, सही पूर्ण नावाची. सुरुवातीला गंमतच झाली. "मॅडम फार भरभर बोलतात." हरकत मान्य. "कॅन्टीनचं सांबार पातळ असतं." ही हरकत माझ्यावर नाही, तरी मान्य. "मॅडमनी फळ्यावर लिहिलेलं मागच्या बाकावरून दिसत नाही." मान्य, मान्य. मी रिक्षातून येताना एकटीच हसायची.

त्यांच्यात हिंगोलीकडची एक होती. दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. वर्गात न झोपणारी तेवढी एकच. मी त्या दिवशी सांगत होते की प्रजेला सांगितलं जातं आणि नागरिकाला विचारलं जातं, फरक एवढाच. तुम्ही प्रजा नाही, तुम्ही नागरिक आहात. असं जोरात म्हटलं की मला स्वतःलाच बरं वाटतं. ती उठली.

"मॅडम, ही वही कोण वाचतंय?"

"मी. आणि तुम्ही सगळ्या."

"अजून कुणीच नाही?"

"अगं, वर्गातली वही ही. कोण वाचणार?"

"शपथ?"

"शपथ कसली घालतेस? सांगते ना मी."

तिनं वही ओढून घेतली. वर्ग संपून पोरी खाली उतरल्या तरी ती लिहीतच होती. बस चुकेल म्हणून मी घाई केली, तेव्हा कुठं वही माझ्या हातात दिली. तिनं लिहिलं होतं :

"गेल्या महिन्यात लाइनवर लाल कार्ड आलं. बाथरूमला जायचं तर ते गळ्यात घालून जायचं. लाइनला कार्ड एकच. हे ठरवताना आम्हाला विचारलं नाही. का विचारलं नाही म्हटलं तर सांगतात, तुम्ही कामगार नाही, विद्यार्थी आहात, कामगारांच्या कमिटीत विद्यार्थ्यांना जागा नाही. आणि पुस्तक मागितलं तर सांगतात, आधी टार्गेट पूर्ण करा. मॅडम म्हणाल्या की आम्ही नागरिक आहोत. माझी हरकत अशी की मॅडमनी आम्हाला उगीच बरं वाटावं म्हणून असं म्हणू नये. विद्यार्थी असू तर शिकवा. कामगार असू तर विचारा."

खाली पूर्ण नाव, सही, आणि सहीखाली टोकन नंबर आणि लाइनचा नंबर. कारखान्यात कागद म्हटला की त्यावर टोकन पडतंच, सुट्टीचा अर्ज असो की डोकेदुखीच्या गोळीची चिठ्ठी. तिच्या लक्षात आलं. "मॅडम, सवयीनं टोकन पडलं. खोडू का?"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "राहू दे गं. नागरिक सही करतो. सही आहे तर नंबरानं काय बिघडतंय?"

पुढच्या तासाला मी ते वाचून दाखवलं. पेंगणाऱ्या पोरी ताठ बसल्या. मी खाली लिहिलं : "हरकत मान्य." सही केली. टाळ्या पडल्या. त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी सरांना फोन लावला आणि ते पान त्यांना अख्खं वाचून दाखवलं. मीच! कुणी मागितलं नव्हतं. तुमची वही चाकणला उगवली, असं काहीतरी सुद्धा म्हणाले. सरांनी शेवटच्या दोन ओळी परत वाचायला सांगितल्या. मग म्हणाले, "वा. चांगलं लिहिलंय मुलीनं. वही दोन दिवस माझ्याकडं दे. विद्यापीठाची माणसं यायची आहेत, त्यांना दाखवू आपला उपक्रम." मी वहीला खाकी कव्हर घातलं, कोपरे नीट दुमडले आणि नेऊन दिली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाकावरची भिंतीकडेची जागा रिकामी. "कुठं गेली गं?" म्हटलं, तर पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी बोलेना. माझ्याशीच कुणी बोलेना, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

शनिवारी ती मला चाकण चौकात भेटली. कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली, त्या गोंगाटात एका टपरीच्या मागं उभी होती. माझीच वाट बघत होती. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"एचआरवाल्यांनी बोलवून घेतलं," ती म्हणाली. "माझ्या पानाची झेरॉक्स होती त्यांच्यापाशी. म्हणायलेत, शिस्तीत बसत नाही, ट्रेनिंग बंद. परीक्षा पुढच्या महिन्यात हाय मॅडम. दोन वर्षं झाली मला इथं."

"खाली मी लिहिलेलं त्यांनी वाचलं नाही का?"

"त्याच्यात तुमचं कायच नव्हतं. माझ्या सहीखाली कागद कोराच होता. मी सांगितलं, मॅडमनी लिहायला लावलं, मॅडमची बी सही हाय. तर म्हणाले, कुठंय दाखव." ती माझ्याकडं रोखून बघत होती. "सोमवारी परत बोलवलंय शेवटचं. तुमी तेवढं लिहून द्या मॅडम. की हे वर्गातलं होतं, तुमीच सांगितलं होतं. तेवढ्यावर माझी परीक्षा होईल."

सहीखाली कोरा कागद. वही एकाच माणसाच्या हातात दिली होती मी.

रविवारी सकाळी रावेतला गेले. सर गॅलरीत पेपर वाचत होते. टीपॉयवर माझी वही, खाकी कव्हरासकट. सूनबाईंनी चहा आणून ठेवला. मला आतून वाटत होतं, सर म्हणतील, अगं मी नाही, ऑफिसातल्या कुणीतरी केलं. तेवढं म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता.

"ते पान तुम्ही दिलंत?"

"दिलं," सर म्हणाले. पेपराची घडी घातली. "तुझी ओळ झाकून दिलं. वर कागद ठेवला आणि झेरॉक्स काढली. तुझं नाव त्यात कशाला? पुढच्या महिन्यात तुझ्या कॉलेजातल्या कायमच्या जागेची तुझी मुलाखत आहे. निवड समितीवर मी आहे, तुला ठाऊक आहे."

"आणि तिचं नाव?"

"कंपनीनं विचारलं, वर्गात नक्की चालतं काय. वर्ग बंद करायच्या गोष्टी करत होते. काहीतरी द्यावं लागलं."

"द्यावं लागलं? नैवेद्य का काय, सर?"

"आवाज खाली. आधी शिक्षण टिकलं पाहिजे. ते टिकलं तर पुढं नागरिक घडतील. एका मुलीपायी बाकीच्यांची पदविका घालवू?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही माझ्या आईच्या वेळी विधान मागं घेतलं होतंत. सगळ्या वर्गासमोर."

सर हसले. वाईट नाही, मायेनंच हसले, मी एकोणीस वर्षांची असताना हसायचे तसेच. म्हणाले, "अगं, ते वर्गात होतं. वर्गात मागं घ्यायला काय लागतं?"

मी चहा तसाच ठेवला आणि वही उचलून निघाले. जिना उतरताना मला बोअर आठवला, आई आठवली, सरांनी चष्मा पुसलेला आठवला. एवढी वर्षं मी त्या दोन शब्दांवर उभी होते आणि माणूस म्हणतो, त्याला काय लागतं! त्यांनी पोरीचं पान विकलं त्याचा राग होताच, पण माझं पान त्यांनी मागच्या तारखेनं फुकट ठरवलं, त्यानं मी जास्त पेटले. खोटं कशाला बोलू, तसंच होतं ते.

भांडी झाल्यावर चिठ्ठी लिहायला बसले. पहिली सरळ लिहिली : ही वही माझी, हरकत लिहायला मी सांगितली, सहीचा आग्रह माझा, खाली मीही मान्य केलं आहे. नाव घातलं. सहीच्या जागी पेन नेलं आणि थांबले. पुढच्या महिन्यातली मुलाखत. अकरा वर्षं. स्टाफरूममधली ती खुर्ची. नवऱ्याला हाक मारावी असं वाटलं, पण तो 'सही कर' म्हणाला असता, म्हणून मारली नाही. कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"सदर विद्यार्थिनी गुणी, कष्टाळू व आज्ञाधारक असून, तिच्याकडून अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल सहानुभूतीने विचार व्हावा, ही विनंती." याच्याखाली मात्र माझी सही झटक्यात झाली.

उन्हं कलायच्या आत चाकणला पोचले. कंपनीची बस पोरींना जिथं सोडायची, त्या वाडीत चौघीजणी एका खोलीत राहायच्या. घरमालकीण ओट्यावर लसूण सोलत बसली होती. "व्हय, हाय की आत," ती म्हणाली. "सकाळधरनं जेवली न्हाई. आमी म्हणून थकलो. तुमी तरी सांगा."

तिनं चिठ्ठी उभ्यानंच वाचली. एकदा वाचली, परत वाचली.

"मॅडम, चूक कंची?"

"अगं, असं लिहावं लागतं."

"तुमी लिहायला सांगितलं, ते कुठंय ह्याच्यात?"

मी काहीबाही बोलले. असं नरम लिहिलं की साहेब लोक ऐकतात, थेट लिहिलं की चिडतात, तुझ्याच भल्यासाठी. सरांच्या गॅलरीतून निघून मला एक दिवससुद्धा झाला नव्हता. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वही हाय का तुमच्यापाशी?"

पिशवीत होती. का नेली होती, मला आजही सांगता येत नाही. तिनं वही उंबऱ्यावर ठेवली, खाली बसली आणि तिच्या पानाच्या पुढचं पान उघडलं. दोनच ओळी लिहिल्या. पूर्ण नाव घातलं, सही केली. सहीखाली सवयीनं टोकन लिहायला हात गेला आणि तिथंच थांबला. पेनाचा एक ठिपका तेवढा पडला. वही आणि चिठ्ठी दोन्ही माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे राहू द्या. मी जाते उद्या तशीच."

गेली ती. एकटी गेली. तिला परीक्षेला बसू दिलं नाही. खोली सोडून ती कुठं गेली, हे त्या पोरींनी मला सांगितलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

माझी मुलाखत झाली. समितीत सर होते. बाकीच्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, शेवटी सरांनी विचारलं, "नागरिक म्हणजे कोण, थोडक्यात सांगा." मी म्हणाले, "ज्याला विचारलं जातं, आणि जो आपल्या उत्तराखाली सही करतो." सर म्हणाले, "छान." आता मी कायम आहे. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. सर दिवाळीला फोन करतात, मी उचलते.

वही कपाटात साड्यांखाली आहे. तिच्या त्या दोन ओळी अशा : "मॅडमनी लिहून दिलं की माझी चूक झाली. माझी हरकत आहे." त्याच्याखाली अर्धं पान मोकळं आहे. दोन शब्द लिहायचे आणि सही करायची, एवढंच काम. आजही पेन घेऊन त्यासाठीच बसले होते, आणि ते सोडून हे एवढं सगळं लिहीत गेले. आता वाचून बघितलं. यात सरांचं नाव नाही, कंपनीचं नाही, तिचंसुद्धा नाही. खाली माझंही नाही.